लोडर आणि बकारामची जोडी

सडक अर्जुनीजवळच्या मुरमाच्या खाणीत १९५७ साली डिझेलचं लोडर आलं आणि वीस बैलगाड्या घरी गेल्या. गाडीवान बकारामची बैलजोडी तेवढी राहिली, कारण थंडीत लोडर सुरूच होत नसे. रोज सकाळी बैल जुंपून ते उतारापर्यंत ओढावं लागे; उतरणीला लागलं की इंजिन सुरू होई. हेही काम गेलं, तर जोडी विकण्यावाचून बकारामला गत्यंतर नव्हतं.

अखेर कंत्राटदारानं नागपूरहून मिस्त्री बोलावला. त्यानं टाकी पाहिली, फिल्टर धुतला आणि डिझेलच्या नळीवरचा एक ढिला नट शोधून काढला. "इथून हवा आत शिरत होती," नट आवळत तो म्हणाला. नळीतली हवा काढून त्यानं बटण दाबलं, तसं लोडर पहिल्याच झटक्यात धडधडू लागलं.

मिस्त्री हात पुसत बकारामकडे वळला. "पाटील, बैलांना आता बाजार दाखवा. जमाना इंजिनाचा आहे."

बकाराम बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मिस्त्री ऐटीत आपल्या जीपमध्ये बसला. त्यानं स्टार्टर दाबला. पुन्हा दाबला. मग बॉनेट उघडून तासभर खाटखूट केली. जीप काही हूं की चूं करेना. शेवटी कंत्राटदारच ओरडला, "बकाराम, जोडी विकू नोको रे बापा! आधी या साहेबायची जीप ओढ."

बकारामनं जीपला दोर बांधला आणि मिस्त्रीला अदबीनं विचारलं,

"उतारापावतर ओढू साहेब, का सीधा नागपूरले नेऊन देऊ?"