मामाची मांडी

भाच्याचे जावळ मामाच्याच मांडीवर काढायचे असते. सुरतेला नोकरीस असलेल्या धीरजला रजा मिळेना, म्हणून बाळाचे जावळ चार महिने अडून राहिले होते. "दादा, तू येस नही तवलोंग वस्तरा लागाव नही," असे बहीण दामिनी दर फोनवर सांगे, आणि त्या एका वाक्याच्या उबेवर तो परक्या शहरातले दिवस काढी.

आज प्रकाशा गावच्या घाटावर तो बाळाला मांडीवर घेऊन बसला. दामिनीच्या सासरची मंडळी भोवती उभी होती. त्या सर्वांना आपल्या नव्या गाडीतून घेऊन आलेला धीरज-दामिनीचा चुलतभाऊ लखन जरा लांब, पायरीवर टेकला होता.

न्हाव्याने टोपडे काढले, तापीच्या पाण्याने डोके भिजवले, दोन बोटांत केस धरले, त्यांची बोथट टोके पाहिली आणि तो थबकला.

"भाऊ, हाई जावळ नही शे. जन्मना केस टोकले बारीक ऱ्हातस. ह्या त एक डाव कापायेल शेतस."

"कायबी काय बोली ऱ्हायनात, बाबा?" धीरज हसला. "मामानी मांडी त याले आजच भेटनी!"

हसतच त्याने दामिनीकडे पाहिले. ती नदीकडे पाहत होती.

 

वस्तरा दिसताच बाळाने टाहो फोडला, आणि ओळखीच्या मांडीसाठी दोन्ही हात पसरले ते लखनकडे.