हिरवी पेंढी

गाय दोनदा अडखळली आणि तिसऱ्या खेपेला पुढच्या गुडघ्यांवर बसली ती उठेचना. तोंडाला फेस, अंगाला कापरं. रुपाली वांग्यांवर फवारत होती. पाठीवरचा पंप तिथंच टाकून ती पळत गोठ्यात आली आणि सासूला हाक मारली. केराबाई ओट्यावर नातीला भरवत होती. तीन वर्षांच्या भुवनेश्वरीला कडेवर घेऊन तीही आली.

रुपालीनं मंद्रूपच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी एकच विचारलं, गायीनं काय खाल्लं? माळावरचं वारं, फवारा उडून गवतावर पडला असणार, तेच गायीच्या पोटात गेलं, चूक माझीच, असं रुपाली सांगत सुटली. डॉक्टर मात्र शांत होते. म्हणाले, फवारणीच्या विषाला एक सुई लागते, दुसऱ्या विषाला दुसरी. औषधाच्या दुकानातच उभा आहे. गव्हाण नीट बघा आणि नक्की काय ते सांगा, अंदाजानं सांगू नका.

गव्हाणीपाशी केराबाई होती. तिनं आत हात घातला आणि उरलेली चार पानं उचलली. मक्याचं पान हाताला खरखरीत लागतं. ही पानं गुळगुळीत होती. एका ताटाच्या बुडाला तर जुनं धसकटच लोंबत होतं.

मोरीचं पाणी जातं तिथं, वाफ्याच्या कडेला, जोंधळ्याची धसकटं पुन्हा फुटली होती. त्यांच्या शेजारीच रुपालीनं चाऱ्याला मका टोकला होता. सकाळी केराबाईनं मक्याची म्हणून जी हिरवी पेंढी कापून गायीपुढे टाकली, ती जोंधळ्याची होती. असले कोवळे फुटवे जनावराला विषच. त्याला किराळ लागणं म्हणतात, हे सुनेला पहिल्याच वर्षी दम भरून शिकवलं होतं तेही केराबाईनंच.

आता फक्त गप्प बसायचं होतं. रुपालीनं दोष आपल्या अंगावर घेतलाच होता. गप्प बसणं केराबाईला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, ते आज नेमकं जमत होतं.

बोलायचं तर डोळ्यांचंही बोलावं लागणार होतं. दसऱ्यापासून समोर धुरकट जाळं आलं होतं आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. खालच्या वस्तीवरच्या वच्छलाला दिसत नाही हे कळलं, तेव्हा पोरांनी मायेनं तिला बाज टाकून दिली आणि कामाला हात लावू दिला नाही. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले एवढंच विचारते. केराबाईला त्या बाजेची मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. या उतारावरचे दगड वेचून वाफे तिनं बांधले होते. पहाटेचं शेण, पाणी, तण, चारा, तिचा सगळा दिवस त्यातच होता.

"व्हय डॉक्टर," रुपाली फोनमध्ये म्हणत होती, "फवारणीचंच. तीच सुई घ्या."

गाय दात खाऊन कण्हली. तिची मान कलंडली आणि डोकं केराबाईच्या पायावर आलं. जड होतं आणि गरम होतं.

"फवारणीचं न्हाय," केराबाई म्हणाली. "किराळ लागलीया."

"जवारी कुटनं आली, आत्या?"

"मीच टाकली. मका म्हणून कापली."

"तुमाला मका आन् जवारी कळत न्हाय?"

"दिसत न्हाय मला."

हे तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की ते फोनमधून मंद्रूपपर्यंत गेलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, समजलं, गूळ पाण्यात कालवून ठेवा, मी निघालोच. रुपाली गुळाचा डबा आणायला धावली. केराबाई नातीला घेऊन गायीपाशी बसून राहिली आणि तिच्या श्वासावर कान लावून एकेक श्वास ऐकत राहिली. मध्ये एकदा तो इतका वेळ आलाच नाही, की केराबाईचाही थांबला.

डॉक्टर गाडी खाली लावून पिशवी घेऊन धापा टाकत वर चढले. मानेच्या शिरेत सुई दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग गायीनं कान हलवला, आणखी थोड्या वेळानं मागचे पाय रेटून ती उभी राहिली आणि तिनं भडाभडा शेण टाकलं. ते ऐकून केराबाईला रडू आलं. चुकीची सुई आणली असती तर गाय हातची गेली असती, ज्यांनी खरं सांगितलं त्यांनीच वाचवली, असं म्हणून डॉक्टर हात धुऊन उतरून गेले.

केराबाईला छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. आता बाज तर बाज, काय व्हायचं ते होवो.

"आत्या, कवापासनं दिसत न्हाय?" रुपालीनं विचारलं.

"दसऱ्यापासनं."

केराबाईला रुपालीचा चेहरा दिसत नव्हता, पण मान कुठं वळली ते कळलं. तिकडं अंगणवाडीला जायची वाट होती, सुट्ट्या दगडांची, कडेला खाणीचा खड्डा. गेले पाच महिने भुवनेश्वरीला त्या वाटेनं रोज केराबाईच नेत होती आणि आणत होती.

रुपाली जवळ आली. तिचा आवाज मऊ होता, रागाचा मागमूस नव्हता.

"असू द्या, आत्या. गाय वाचली की," ती म्हणाली आणि तिनं लेकीला सासूच्या कडेवरून अलगद काढून घेतलं. "आणा हिला हिकडं. तुमी दमला असाल."

केराबाई अजिबात दमली नव्हती.