तिन्ही बटणं एकदम

"बटणाला हात लावू नका, वहिनी!" वेदिका फोनवर ओरडली.

शाल्मलीचं बोट कॉम्प्युटर बंद करायच्या बटणावरच होतं. दाबलं की संपलं. सोमवारी अमेरिकेतल्या साहेबांना दाखवायचं काम डिस्कसकट गेलं असतं. तिच्या नवऱ्याने, जितेंद्रने, आणि त्याच्या ऑफिसातल्या वेदिकाने मिळून केलेलं काम. बोट निघेना.

जितेंद्र व्हिसासाठी चेन्नईला गेला होता, आणि इथे के. आर. पुरम भागातल्या घरात त्याचा कॉम्प्युटर सकाळपासून गोठला होता. माउस हलेना, पडद्यावरचं घड्याळ सरकेना. त्यावर विंडोज नव्हतं, ते नवं लिनक्स होतं. त्यातलं फक्त वेदिकाला कळतं, असं जितेंद्र रोज जेवताना सांगायचा. शाल्मली वरण वाढता वाढता ऐकायची. वेदिका रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबते. वेदिका दमत नाही. शाल्मलीचे केस विंचरायचे अजून राहिलेच होते.

"नुसता वरचा पडदा गोठलाय, आत काम चालू असतं. जितूने सांगितलं नाही? कंट्रोल, आल्ट, बॅकस्पेस. तिन्ही एकदम दाबा."

जितू! घरात त्याला कुणी जितू म्हणत नव्हतं.

"दोन हात लागतील. कडेवर मुलगी आहे माझ्या."

"स्वल्प, जरा वेळ खाली ठेवा ना तिला."

"ठेवली की भोकाड पसरते," शाल्मली म्हणाली. तुम्हाला काय कळणार, हे ओठांवर आलेलं तिने गिळलं.

स्वानंदी तशीही रडतच होती. शाल्मलीने तिला मांडीत घेतलं, रिसीव्हर तिच्याच मुठीत दिला आणि दोन्ही हातांनी बटणं दाबली.

पडदा काळा झाला. मग पांढरी अक्षरं उमटली.

रडणं थांबलं होतं. रिसीव्हर कानाला चिकटवून स्वानंदी खुदुखुदू हसत होती. आतून बारीक आवाज येत होता, "कोण गं ते? कोण बोलतंय माझ्याशी?"

आता लेकसुद्धा तिचीच. शाल्मलीने रिसीव्हर ओढून घेतला.

"अक्षरं आलीत," ती तुटकपणे म्हणाली.

"मग वाचलं सगळं."

"बरं. ठेवते."

"वहिनी, एक मिनिट." वेदिकाचा आवाज खाली आला. "माझी लेक नागपूरला असते, सासूबाईंकडे. आता वर्षाची होईल. फोनवर माझा आवाज ऐकला की रडते."

ठेवायला निघालेला रिसीव्हर शाल्मलीने परत कानाशी घेतला.

"तुमची हसली हो," वेदिका म्हणाली.