मर्यादेतलं गंधक

आष्ट्याच्या अजमलची नवी रुग्णवाहिका सांगलीच्या वाटेवर दुसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा आत त्याचीच आई, हुसेनबी, धापा टाकत होती. दुसरी गाडी येईपर्यंत ती कशीबशी तगली. मेकॅनिक म्हणाला, "डिझेलमध्ये गंधक जास्त हाय. नव्या गाडीचा धुराचा फिल्टर त्यानंच चोंदतोय." अजमल जिथं नेहमी डिझेल भरायचा, त्या पंपाविरुद्ध त्यानं त्याच दिवशी तक्रार केली.

महिन्याभरानं तपासणी अधिकारी पंपावर आले आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "नमुना तपासला. गंधक सरकारी मर्यादेतच आहे. तक्रार खोटी आहे."

ते जीपमध्ये बसले, तसा अजमल जीपसमोर आडवा उभा राहिला. "माझी आई रस्त्यावर मरत हुती, सायेब. डिझेल चांगलं हाय न्हवं? मग तुमच्या जीपची टाकी हितंच भरा, तवाच मी हलतो."

लोक बघत होते. अधिकाऱ्यांनी नाइलाजानं ड्रायव्हरला खूण केली.



ड्रायव्हर गोंधळला. "पर सायेब, ह्या पंपावरचं डिझेल जीपमधी कवाच घालायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय की."