उसनी कबुली

साहेबांना प्रचारसभेत स्वतःची एखादी चूक कबूल करायची होती. त्याने मान वाढतो म्हणे. चुका ढिगाने होत्या, पण वकिलांनी एकही पास केली नाही. साहेबांची भाषणं मीच लिहितो, म्हणून माझीच एक चूक देऊन टाकली. संध्याकाळी ताईसोबत टीव्हीवर सभा पाहत होतो. “वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते,” साहेब गहिवरले, “आणि मी कटकट नको म्हणून फोन बंद ठेवला होता.” मैदानात टाळ्या थांबेनात. ताईने डोळे पुसले. “नेता असावा तर असा! चारचौघांत कबूल करायला छाती लागते.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बाबा गेले त्या दिवशी तुला किती फोन लावले. तुझा फोन खरंच बिघडला होता ना रे?” टाळ्या ऐकवेनात. मी टीव्ही बंद करून म्हणालो, “हो, ताई.”