दुसऱ्या रिमोटचा पॉज

हिंजवडीच्या ऑफिसला सुट्टी होती, म्हणून मैत्रीनं बर्फावरच्या हॉकीचा जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला. राकेशदादा गेल्यापासून तो कुणी लावला नव्हता.

ती गोल मारणार, एवढ्यात दादा नेमका पॉज दाबायचा. मग त्याच्याच रिमोटनं खेळ पुन्हा सुरू व्हायचा.

आज ती एकटीच खेळत होती. चकती जाळ्यासमोर आली आणि चित्र थांबलं. ‘पॉज. खेळाडू दोन.’

दुसरा रिमोट खोक्यातच होता, वायर गुंडाळलेला.

असंच थांबून राहावं, मैत्रीला वाटलं.

शेजारी मटार सोलणारी आई मान वर न करता म्हणाली, “राकेश, किती छळशील रे तिला? मारू दे की एक गोल.”

खेळ सुरू झाला. गोलरक्षक जाळं सोडून बाजूला झाला.