फुकटची शिकवणी

मुलांनो, जळगावजवळची केळी पिकवायची एक बंद खोली डोळ्यांसमोर आणा. आत हिरव्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत रचलेत आणि दाराबाहेरच्या पडद्यावर आतल्या उष्णतेचा आकडा वर चढतोय. खोली लवकर थंड केली नाही, तर सगळा माल काळा पडेल.

पडद्यासमोर तेजलची आई हाताची घडी घालून उभी आहे. खोली थंड करायची जुनी यंत्रणा ती झोपेतही चालवायची. ती यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचे ऑनलाइन धडे फुकट होते, आईने ते भाकऱ्या थापता थापता ऐकले होते. बाबांनी मात्र तिला न विचारता दुसऱ्या कंपनीची यंत्रणा बसवली.

"अगं, काम तेच आहे! हात तरी लाव!"

"नाही लावणार. माझ्या कंपनीची परत आणा."

"तुझी कंपनी? फुकट शिकवून विकत घेतलंय त्यांनी तुला!"

"घेऊ द्या. मी अडले की मराठीत समजावतात. तुम्ही लग्न झाल्यापासून साधी स्कूटर शिकवली नाहीत."

बाबांनी कपाळावर हात मारला. "मग केळी नासू द्यायची?"

"तुम्हीच चालवा की."

"मला येत असतं तर तुझी मनधरणी केली असती का?"

तेजल वैतागली. तिने बाबांचा मोबाइल ओढून घेतला आणि नव्या कंपनीचा धडा शोधला. तोही फुकटच होता, पण इंग्रजीत. तिने तो कान देऊन ऐकला. मग, "आई, मीपण फुकटच शिकवते," म्हणत तिने आईचं बोट धरून पडद्यावरच्या थंडाव्याच्या बटणावर टेकवलं.